ताडपत्रीचे साडेआठशे रुपये

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मुलुंडहून भाच्याचा फोन आला. "मामा, उद्या मोकळा आहेस का? ताडपत्री घ्यायला जायचंय." निवृत्त माणसाला मोकळा आहेस का असे विचारणे ही निव्वळ रीत असते, तरी मी डायरीची पाने उगाच फडफडवली आणि दुपारनंतर जमेल असे सांगितले. फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "ताडपत्रीतलं तुम्हांला काय कळतं?" प्रश्न रास्त होता. उभी हयात बँकेत काढलेल्या आणि उरल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला ताडपत्रीतले काय कळणार? पण एका ताडपत्रीशी माझा जुना हिशेब आहे. तो मी घरातही कधी सांगितलेला नव्हता.

भाचा म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. वय पंचेचाळीस. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्याने वीस वर्षे स्टोअर्स सांभाळले. कारखाना गुजरातेत गेला, भाचा गेला नाही. मुलगी दहावीत, आई गुडघ्यांनी बेजार. हाती आलेले पैसे आणि एका फायनान्स कंपनीचे कर्ज मिळून त्याने जुनी पिकअप घेतली. महिनाभर मिळेल ती भाडी केली आणि मग त्याला चांगले काम लागले. भिवंडीच्या गोदामातून शाळेच्या वह्या उचलायच्या आणि मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवली इथल्या स्टेशनरीच्या दुकानांत पोचवायच्या. भाडे बरे, रस्ता ओळखीचा, मालाला वास नाही की घाण नाही. एकच अट : भिजलेला गठ्ठा गाडीवाल्याच्या खात्यावर.

आता वह्या आणि पाऊस यांची गाठ आपल्याकडे पक्की मारलेली आहे. मुंबईच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि वेधशाळेच्या पंचांगात मान्सून मुंबईला पोचण्याची तारीख ११ जून. वह्यांचा सारा धंदा त्या पंधरवड्यात. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर सरासरी तेवीसशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. फुटांत सांगायचे तर साडेसात फूट. भाच्याच्या गाडीच्या हौद्यावर चार महिन्यांत माझ्या डोक्यावरून जाईल इतके पाणी पडणार होते. विमा आहे ना, असे मी विचारले, तर तो म्हणाला, "आहे की, फुल!" त्याची पॉलिसी काढून पाहिली. गाडीच्या विम्यात गाडी येते, रस्त्यावरचा तिसरा माणूस येतो. हौद्यातला माल येत नाही. त्याला ट्रान्झिटची वेगळी पॉलिसी लागते. बँकेत असताना हे वाक्य मी शेकडो लोकांना सांगितले असेल. घरच्या माणसाला सांगायचे राहून गेले होते.

ताडपत्री हा शब्द मला फार आवडतो. ऐकल्यावर वाटते, ताडाच्या पानांशी याचा काही संबंध असावा. आपल्या पूर्वजांनी ताडपत्रांवर पोथ्या लिहिल्या, उरलेल्या छपरावर घातल्या. पण ही बहुधा आपल्या जिभेची करामत आहे. गोऱ्या खलाशांचे डांबर फासलेले कापड ते टारपॉलिन. उत्तरेत त्याचे तिरपाल झाले आणि आपण त्याला ताडाच्या झाडावर चढवले. टेम्पोचेही तसेच. हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचे नाव टेम्पो. फिरोदियांनी १९५८ साली बजाज टेम्पो काढली, तिच्या तीनचाकी गाड्या महाराष्ट्रभर धावल्या आणि माल वाहणारी कुठलीही लहान गाडी म्हणजे टेम्पो असे होऊन बसले. कंपनीने २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केले. त्याच वर्षी टाटांची एस आली, तिला लोकांनी छोटा हाथी म्हटले. भाच्याच्या गाडीच्या कागदपत्रांत पिकअप लिहिले आहे, तरी त्याची आई शेजारणीला सांगताना "टेम्पो घेतलाय" असेच सांगते.

आम्ही आधी मशीद बंदरला गेलो. पावसाच्या तोंडावर तिथल्या गल्ल्या प्लास्टिकने निळ्या होतात, आणि तेच निळे मग आठवडाभरात उपनगरांतल्या गच्च्यांवर, गाळ्यांवर, झोपड्यांवर पसरते. दुकानदाराने आमच्यासमोर चार घड्या टाकल्या आणि जीएसएम सांगायला सुरुवात केली. एकशेवीस, दीडशे, दोनशे. भाच्याचा चेहरा खुलला, कारण ही भाषा त्याने महिन्याभरात शिकली होती. वहीचा कागदही याच मापाने विकला जातो : एक चौरस मीटर तुकड्याचे वजन किती ग्रॅम, ते जीएसएम. वहीचा कागद पन्नास-साठच्या घरात असतो. भाचा हिशेब करू लागला. "मामा, दोनशेची घेतली तरी वहीच्या कागदाच्या तिप्पट-चौपटच झाली की."

निळी ताडपत्री म्हणजे प्लास्टिकच्या पट्ट्यांचे विणलेले कापड, त्याला दोन्ही बाजूंनी प्लास्टिकचा पातळ लेप. हलकी, स्वस्त आणि पहिल्या दिवशी अगदी अभेद्य. तिचा वैरी पाणी नसून ऊन आहे. उन्हातले अतिनील किरण प्लास्टिकचे धागे तोडतात. ज्या मालात त्यावरचे औषध नीट मिसळलेले नसते तो एका मोसमात पापुद्र्यासारखा सुटतो आणि हात लावला की निळा भुगा हाताला लागतो. काळ्या प्लास्टिकमध्ये काजळी असते, ती ऊन पिते, म्हणून काळे जास्त टिकते. वजनावर डोळे मिटून विश्वास ठेवावा असेही नाही. प्लास्टिकमध्ये खडूची भुकटी मिसळून वजन वाढवता येते. अशा ताडपत्र्यांसाठी आपल्याकडे आयएस ७९०३ असे मानक आहे. मी शिक्का कुठे आहे असे विचारले, तेव्हा दुकानदाराने माझ्याकडे पूर्वी कर्जदार बघत तसे बघितले.

मग त्याने जाड माल दाखवला. पॉलिएस्टरचे कापड, त्यावर पीव्हीसीचा लेप, सहाशे जीएसएम. हात लावल्याबरोबर मला तो पटला. किंमत निळ्याच्या चौपट. भाच्याने घडी हलकेच परत सरकवली.

"पहिल्याच महिन्यात एवढा खर्च नको, मामा. हप्ता आहे. फायनान्सवाल्यांना मी म्हटलं होतं, ताडपत्री धरा कर्जात. म्हणाले, कर्जात ताडपत्री बसत नाही."

दुकानात पंखा होता, तरी मला घाम फुटला. हे वाक्य माझे होते.

ही गोष्ट १९८८ सालची. मी तेव्हा घाटकोपरच्या एका शाखेत फील्ड ऑफिसर होतो. तिशी नुकतीच ओलांडलेली, दोन परीक्षा पास, हाताशी लाल पेन. संगमेश्वराकडचा एक माणूस टेम्पोसाठी कर्ज मागायला आला. अकरा वर्षे दुसऱ्याच्या गाडीवर, आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. असल्फ्याच्या टेकडीवर खोली. त्याने आणलेल्या कोटेशनमध्ये गाडी होती, बॉडी होती, आरटीओचा टॅक्स आणि विमा होता आणि शेवटच्या ओळीत 'ताडपत्री व दोर रु. ८५०' असे होते. कॅनव्हासची ताडपत्री, त्या काळी तीच चांगली समजली जाई. मी त्या ओळीवर लाल रेघ मारली आणि समासात 'मान्य नाही' असे लिहिले.

माझे काही चुकले होते असे कुठल्याही ऑडिटरने म्हटले नसते. गाडीला चॅसिस नंबर असतो, इंजिन नंबर असतो. आरसी बुकावर बँकेचे हायपोथिकेशन चढवता येते. ताडपत्रीला नंबर नसतो. ती फाटते, हरवते, चोरीला जाते. तारण म्हणून तिची किंमत शून्य. मॅनेजरसाहेबांनी नोट वाचून "बारीक नजर आहे" असे म्हटले आणि मी तो दिवसभर खुशीत होतो. माणूस काही बोलला नाही. मार्जिनचे पैसे भरताना त्याने गावाकडचे सगळे झाडून आणलेले होते. आठशे पन्नास उरले नव्हते. त्याने आपल्या जुन्या मालकाकडून टाकाऊ ताडपत्री मागून घेतली.

पहिला पावसाळा कसाबसा निघाला. १९८९ च्या जुलैत ठाण्याच्या बाजूने सिमेंटच्या वीस गोणी घेऊन तो येत होता. सिमेंटवरचे सरकारी नियंत्रण त्याच वर्षी पूर्ण उठले होते आणि त्याला तेव्हा सिमेंटची भाडी खूप मिळत. जकातीच्या रांगेत गाडी दोन तास उभी होती. (मुंबईची जकात २०१७ साली जीएसटीबरोबर गेली, भाच्याच्या वाट्याला त्या रांगा आल्या नाहीत.) ताडपत्री हौद्यावर सपाट ताणलेली, मध्ये झोळ. झोळात पाणी साठले, त्या वजनाने एका कोपऱ्याची रिंग कापडासकट फाटून आली आणि साठलेले पाणी एकदम आत गेले.

सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. एकदा झाले की ते परत भुकटी होत नाही. वीसही गोण्या नव्हे, तरी वरच्या बारा-तेरा दगड झाल्या. दुकानदाराने पैसे कापून घेतले. त्यापायी दोन हप्ते थकले, मग व्याज, मग गाडीचे एक काम निघाले, मग तिसरा हप्ता. नोटिसा मीच लिहिल्या. वसुलीला मी टेकडीवर गेलो तेव्हा त्या गोण्या प्रथम पाहिल्या. चाळीकडे जाणारी चिखलाची चढण होती, तिथे लोकांनी त्या एकावर एक रचून पायऱ्या केल्या होत्या. गोणपाट कुजून गेले होते, पण त्याची वीण सिमेंटवर उमटलेली होती. शिवणीचे टाकेसुद्धा दिसत होते. त्या पायऱ्यांवरूनच चढून मी त्याच्या दारात गेलो आणि थकबाकी किती ते सांगितले.

१९९० च्या मार्चमध्ये त्याने टेम्पो स्वतःच आणून शाखेच्या गल्लीत लावला. जप्तीची वेळ येऊ दिली नाही. मी यादी करत होतो : स्टेपनी एक, जॅक एक, पाना एक. तो बाजूला उभा होता. यादी संपत आली तेव्हा त्याने विचारले, "साहेब, ही ताडपत्री तुमच्या कागदात नाही ना?" मी फाईल उघडली. तिच्यात माझीच लाल रेघ होती. म्हणालो, "नाही." "मग मी नेऊ?" "न्या." त्याने ती फाटकी ताडपत्री हौद्यात उभे राहून नीट चौघडी केली, खांद्यावर टाकली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागला. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

२०१४ साली घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो सुरू झाली, तिला असल्फ्याला स्टेशन आहे. पुढे २०१७ च्या अखेरीस टेकडीवरची घरे काही हौशी मंडळींनी रंगवली. गाडीतून जाणारे लोक अजून मोबाइल काढून फोटो घेतात. मी त्या रंगांत पायऱ्या शोधतो, सापडत नाहीत.

मशीद बंदरच्या दुकानात हे सगळे भाच्याला सांगणे शक्य नव्हते. "पैसे मी देतो," एवढेच म्हणालो. तो रागावला. शेवटी आज काही घ्यायचे नाही, आधी कुर्ल्याला जाऊन ताडपत्री शिवणाऱ्याला विचारायचे, यावर तह झाला.

आता जरा थांबून ताडपत्रीच्या आतली बाजू सांगतो, कारण ती फार थोड्यांनी पाहिलेली असते. २६ जुलै २००५ ची रात्र मी साकीनाक्याजवळ एका टेम्पोच्या हौद्यात काढली. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. रस्त्यावर कमरेएवढे पाणी होते आणि त्या ड्रायव्हरने आम्हा सातआठ अनोळखी माणसांना हात देऊन वर घेतले. वर कॅनव्हासची हिरवी ताडपत्री, मेणाचा वास, आणि डोक्यावर असा आवाज की शेजाऱ्याशी ओरडून बोलावे लागे. एक मुलगी कॉलेजची वही पोटाशी धरून बसली होती. ड्रायव्हर दर पाच मिनिटांनी एकच सूचना देई : "कापडाला हात लावू नका, डोकं टेकवू नका." मला वाटले, त्याला आपल्या मालाची काळजी. नंतर कारण कळले. सुती कॅनव्हास भिजला की त्याचे धागे फुगतात आणि वीण बंद होते. पाणी वरच्या वर ओघळून जाते. पण आतून काही टेकले की त्या जागी पाणी झिरपायला वाट मिळते आणि मग ते थेंब थांबत नाहीत. एका गृहस्थांनी दमून डोके टेकवले आणि पहाटेपर्यंत त्यांच्या मानेवर धार लागली होती.

कुर्ल्याच्या मास्तरांनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितले. शिवणाऱ्याला मास्तर म्हणायची रीत ताडपत्रीच्या धंद्यातही आहे. साताऱ्याकडचा माणूस, सत्तरीचा, रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडमध्ये भल्यामोठ्या मशीनमागे बसलेला. त्यांनी आमची गाडी पाहिली नाही, किंमत विचारली नाही, पहिला प्रश्न केला, "माल काय?"

"वह्या."

"मग कॅनव्हास नको. कागदाला वास लागंल, डाग पडंल." कॅनव्हास कुजू नये म्हणून मेणाबरोबर तांब्याचे औषध लावतात, तो हिरवा रंग पुष्कळदा त्याचाच. भाजीला, कांद्याला, धान्याला कॅनव्हास उत्तम, कारण तो श्वास घेतो. प्लास्टिकखाली कांदा घामेजतो.

दुसरा प्रश्न : "कमानी हायत का?"

नव्हत्या. भाच्याने हौदा मोजून आणला होता : लांबी नऊ फूट, रुंदी साडेपाच. तेवढ्याच मापाची ताडपत्री तो घेणार होता, टेबलावर टेबलक्लॉथ घालतात तशी. मास्तर हसले. मी मात्र मनातल्या मनात गुणाकार केला, जुनी खोड. नऊ गुणिले साडेपाच म्हणजे सुमारे साडेचार चौरस मीटर. मध्ये दोन इंच पाण्याचे तळे साचले तर सव्वादोनशे लिटर पाणी. सव्वादोनशे किलो वजन. तीन माणसे ताडपत्रीवर बसल्यासारखे. १९८९ साली त्या कोपऱ्याची रिंग का उपटली ते मला पस्तीस वर्षांनी मुंबईच्या दोन फाळक्यांमध्ये टेप धरून कळले.

मास्तरांचे म्हणणे असे : आधी पाणी थांबू नये याची सोय करा, मग कापडाचे बघा. लोखंडी नळीच्या तीन कमानी, त्यांवर मधोमध एक आडवी नळी, घराला आढे असते तशी. कमान फाळक्याच्या वर दोन फूट. मग ताडपत्रीचे माप : बाजूंना सव्वातीन-सव्वातीन फूट खाली येईल अशी, म्हणजे कमानीवरून उतरून फाळक्याच्याही खाली सव्वा फूट, पुढे-मागे तीन-तीन फूट. हिशेब बारा बाय पंधरा फुटांचा झाला, मूळ हौद्याच्या साडेतीनपट. कापड जोडायचे ते शिवून नाही, गरम हवेने वितळवून चिकटवून, कारण शिवणीचे प्रत्येक भोक म्हणजे एक नळ. कडेच्या दुमडीत दोर घातलेला, रिंगा पितळेच्या, कोपऱ्यांना दुहेरी ठिगळ. दोन तुकडे वापरायची वेळ आली तर मागचा आधी घालायचा आणि पुढचा त्याच्यावर चढवायचा, कौले घालतात तसा. गाडी पुढे जाते, म्हणजे वारा आणि पाऊस पुढून येतो. हौद्याच्या तळाला लाकडी पट्ट्या, कारण चाकांचे पाणी खालूनही येते. आणि नायलॉनची दोरी नको. ती भिजली की ताणली जाते, सैल पडते; सुती दोर भिजल्यावर आवळतो.

"मग हे सगळं करण्यापेक्षा बंद कंटेनरच का नको?" भाच्याने विचारले. प्रश्न वाजवी होता, ऑनलाइनच्या मालाच्या बहुतेक गाड्या आता तशाच असतात. पण पत्र्याची पेटी चढवली की तिचे वजन मालाच्या वजनातून जाते. शिवाय आरसीत लिहिलेल्या गाडीचे रूप परवानगीवाचून बदलायला मोटर वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते. आरटीओत नोंद करून घ्यावी लागते. आणि वह्यांचा मोसम संपल्यावर भाच्याला कपाटे, सोफे, गणपतीच्या मूर्ती न्यायच्या होत्या. मूर्तीला उंचीचे बंधन घालून कसे चालेल?

मला या वेळी अमेरिकेतली एक गाडी आठवली. मुलीकडे गेलो असताना तिच्या शेजाऱ्याची पिकअप रोज पाहायचो. हौद्यावर घडीचे कडक झाकण, बटण दाबले की कुलूप. त्याला टोनो कव्हर म्हणतात, मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ पिंप. शेजाऱ्याने कुठले घ्यावे यावर महिनाभर विचार केला होता : घडीचे, गुंडाळीचे की अखंड फायबरचे. त्याने मला ते उघडून दाखवले. आत एक घडीची खुर्ची होती. झाकण उत्तम होते, थेंब आत जात नसे. पण ते फाळक्याच्या पातळीवर सपाट बसते. आपल्याकडे माल जिथे संपायला हवा तिथून तो सुरू होतो, त्यामुळे कुर्ल्याच्या मास्तरांना ते दाखवले असते तर त्यांनी त्यावर चहा ठेवला असता.

कमानी, पीव्हीसीचे कापड आणि मजुरी मिळून आकडा मशीद बंदरच्या आकड्यापेक्षाही वर गेला. भाचा गप्प झाला. मी पुन्हा पैशांचे काढले नाही. त्याऐवजी म्हणालो, "तू माझ्याकडून कर्ज घे. बिनव्याजी. दहा हप्ते. मी रीतसर कागद करतो." यावर तो हसला आणि कबूल झाला. घरी येऊन मी खरोखर कागद केला. एका ओळीत लिहिले, 'ताडपत्री व दोर', पुढे रक्कम, आणि समासात सही. बायकोने विचारले, "भाच्याकडून काय सह्या घेताय?" तेव्हा मी तिला असल्फ्याची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली, "तेव्हा आपल्याकडं साडेआठशे होते?" होते. १९८८ च्या दिवाळीला आम्ही सोफा घेतला होता.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मोठा पाऊस आला त्या दिवशी मी भाच्याबरोबर गाडीत होतो. तो नको म्हणत होता. भिवंडीहून निघालो तेव्हा आभाळ नुसते काळे होते. ठाणे ओलांडताना वायपर पुरेना. मुलुंडला पहिले दुकान. दुकानदार छत्री घेऊन बाहेर आला, भाच्याने दोर सोडला, मागची झडप वर फेकली. मी आत डोकावलो. कमानींच्या खाली पिवळसर अंधार, कागदाचा कोरा वास, गठ्ठे जसेच्या तसे. एकाच ठिकाणी, मागच्या डाव्या कोपऱ्यात, दोर नीट आवळला नव्हता तिथून पाणी आले होते. एक गठ्ठा भिजला. वरच्या चार वह्यांच्या कडा लाटांसारख्या झाल्या. दुकानदाराने तेवढ्या बाजूला काढल्या, चलनावर चार वजा लिहिले आणि बाकीच्यांवर शिक्का मारला. भाच्याने चारी वह्या पुढे सीटवर टाकल्या. "मामा, तुला लिहायला."

घाटकोपरपर्यंत आम्ही दोघे बोललो नाही. पाऊसच इतका होता. असल्फा आले तेव्हा मेट्रोच्या खांबांमधून टेकडी पुसटशी दिसली. मी त्याला सांगायला तोंड उघडले आणि सिग्नल सुटला. आता हे छापून आल्यावर तो वाचेलच.

एक गोष्ट मास्तरांनी सांगितली होती आणि आम्ही दोघांनीही तिच्याकडे लक्ष दिले नव्हते. ओली ताडपत्री घडी घालून ठेवायची नाही. बुरशी धरते, घडीवर कापड फुटते, वास येतो तो पुढच्या मालाला लागतो. रोज रात्री ती पसरून वाळवायला हवी. बारा बाय पंधरा फुटांची ओली ताडपत्री जुलै महिन्यात मुलुंडच्या फ्लॅटमध्ये कुठे पसरायची? दहा किलो कापड आणि त्यावरचे पाणी. पहिले दोन दिवस भाच्याने ती जिन्याच्या कठड्यावर टाकली, तर दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा पाय घसरता घसरता वाचला. मग गच्चीवरच्या टाकीच्या शेडखाली दोरी बांधली, तर सेक्रेटरींनी नोटीस लावली की गच्ची ही सामाईक मालमत्ता असून तिचा व्यापारी उपयोग करता येणार नाही. नोटीस भाच्याने मला फोनवरून वाचून दाखवली. मसुदा चांगला होता. मीही असाच लिहिला असता. उत्तर मी तयार केले आहे, दोन पाने झाले. कमिटीची मीटिंग पुढच्या रविवारी आहे, आणि तोपर्यंत ताडपत्री आमच्या गॅलरीत, माझ्या टेबलाच्या डाव्या हाताला, टपटपते आहे.